शेऱ्याचा रकाना

ती कार्डं रद्दीत काढायचा हुकूम माझ्याच सहीचा होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी स्वतःची लाल करतोय असं कुणाला वाटायला नको.

बसदुरुस्तीच्या वर्कशॉपात मी नवा साहेब म्हणून आलो, तेव्हा स्टोअरच्या खिडकीतून सुटे भाग देता देता तिथल्या बाईंना एकतीस वर्षं झाली होती. खिडकी म्हणजे जाळीला पाडलेलं हातभर भोक. मागे लोखंडी रॅक, दोन हजारांवर खण, आणि प्रत्येक खणाला दोऱ्याने बांधलेलं एक कार्ड. पुढच्या बाजूला सुट्या भागाचं कागदोपत्री नाव, नंबर, किती आले, किती गेले. मागची बाजू ही बाईंची खासगी जहागीर.

ती जहागीर मिळाली त्याचं कारण असं की, फिटर लोक कागदावरच्या नावाने कधीच काही मागत नाहीत. पहिल्याच दिवशी एकाने खिडकीत तोंड घालून एक काडीमोड मागितला, आणि नव्या नव्या बाई रडकुंडीला आल्या. काडीमोड म्हणजे गंजलेला बोल्ट उपटून काढायचं हत्यार. कारण तसा बोल्ट म्हणजे घरजावई, एकदा शिरला की निघायचं नाव घेत नाही. त्या दिवसापासून बाई कार्डामागे लिहू लागल्या: शब्द, तो कशावरून आला, आणि पहिल्यांदा कोण बोललं. पुढे त्यांच्या घरीसुद्धा बरणीचं झाकण अडलं की सून हाक मारायची, "आई, घरजावई बसलाय."

एकदा मात्र त्या चुकल्या. क्लचच्या एका स्प्रिंगला सगळे 'आत्या' म्हणत. बाईंनी आपल्याच डोक्याने लिहून टाकलं, सारखी कुरकुरते म्हणून आत्या. ते कानावर गेल्यावर एक फिटर खिडकीशी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, माझी सख्खी आत्या इथे लेथवर होती. मालाचा तुटवडा पडला तेव्हा चाळीस दिवस तिने तार गुंडाळून गुंडाळून या स्प्रिंगा बनवल्या, म्हणून गाड्या चालल्या. ती वारून तेव्हा वर्ष झालं होतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ती ओळ खोडली, खरी लिहिली, आणि कायमचा नियम केला: ज्याने शब्द काढला त्याच्या, नाहीतर तेव्हा शेजारी उभा होता त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय काही लिहायचं नाही. एका वॉशरसाठी त्या दोन बस बदलून एका रिटायर हेल्परच्या घरी जाऊन आल्या होत्या.

मग कॉम्प्युटर आला, आणि मागोमाग माझं शहाणपण. बाईंना मी वरच्या मजल्यावर आवक-जावकच्या टेबलाशी बसवलं. खिडकीत मुख्य कचेरीतून आलेले एक कारकून बसले. कार्डं पाच पोत्यांत भरली; शनिवारी रद्दीवाला येणार होता. बाई केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, तुम्हाला नकोत तर मला द्या, ती माणसं दुसरीकडे कुठे लिहिलेली नाहीत. मी म्हटलं, कचेरीची मालमत्ता घरी नेता येत नाही. वर हेही ऐकवलं की वर्कशॉप म्हणजे टवाळीचं ग्रंथालय नव्हे. त्या आपल्या टेबलाशी परत गेल्या. मला वाटलं, चला, मिटलं.

शनिवार यायच्या आधी सोमवार आला. खिडकीपुढे ही रांग. आत्याचा तो भाचा आता हेडमिस्त्री होता. त्याने दोन 'मंगळवार' मागितले. कारकून म्हणाले, मंगळवार उद्या आहे. कुणी हसलं नाही. मंगळवार म्हणजे तांब्याचा पातळ वॉशर, पूर्वी त्याचा पुरवठादार फक्त मंगळवारी यायचा म्हणून. कागदावरची नावं फिटरांना कधी कुणी शिकवलीच नव्हती. त्यांचे उस्तादही असंच बोलत. मी खाली उतरून सगळ्यांना बजावलं की नीट नावं घ्या. वाद कुणी घातला नाही, पण रांग तसूभर हलली नाही. दुपारपर्यंत अकरा गाड्या चाकं काढून उभ्या होत्या, आणि मुख्य कचेरीचा फोन वाजत होता.

शेवटी मीच कपाळाला हात लावून म्हणालो, "अरे, बाईंना विचारा."

बाई खाली आल्या. मनात आणलं असतं तर मला नाक घासायला लावलं असतं, पण त्यांनी नुसता चष्मा लावला आणि एकही कार्ड न बघता दीड तासात रांग संपवली. संध्याकाळी अकराच्या अकरा गाड्या रस्त्यावर. मी आभार मानायला गेलो, तर त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

"साहेब, दोन महिन्यांनी मी रिटायर होतेय. हा शेऱ्याचा रकाना रिकामाच आहे ना?"

"रिकामाच आहे."

"मग पोती वर माझ्या टेबलाशी पाठवा. नुसते शब्द घालणार नाही मी. कुणी काढला, कशावरून काढला, तेही जाईल."

मुख्य कचेरीला चालणार नाही, असं मी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "त्यांना अकरा गाड्यांचं सांगा."

सांगितलं. चाललं. रद्दीवाल्याला मी स्वतः फाटकावरून परत पाठवलं, आणि बाई दोन महिने दोन बोटांनी टाइप करत बसल्या.

शेवटच्या दिवशी सगळं वर्कशॉप स्टोअरमध्ये दाटलं. हेडमिस्त्रीने 'आत्या' टाइप केलं. नंबर आला, खण आला, आणि शेऱ्यात त्याची आत्या आली, तिच्या चाळीस दिवसांसकट. त्याने ती ओळ मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. टाळ्या अशा पडल्या की गाडीखाली काम करणारेही बाहेर आले. बाकीच्या चार वर्कशॉपांनी आपापले शब्द असेच भरावेत, हा मुख्य कचेरीचा हुकूम मी तिथेच वाचून दाखवला. बाईंचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू.

एवढ्यात एकाला काहीतरी हवं होतं. कारकून सवयीने म्हणाले, "थांब, बाईंना विचारतो," आणि कॉम्प्युटरकडे वळले. दोन महिन्यांत कॉम्प्युटरवर शोधण्याला सगळे असंच म्हणू लागले होते. फक्त बाईंसमोर नाही.

बाईंनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "हे लिहिलंय का कुणी? पहिल्यांदा कोण बोललं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि नियमाप्रमाणे मला समोर उभं करून विचारलं, कधी, कुठे, कशावरून. मी सगळं सांगितलं, रद्दीच्या हुकमासकट. त्यांनी तेही टाइप केलं आणि खाली लिहिलं: काढणारे, साहेब. पुढे मला तीन बढत्या मिळाल्या, पण घरी नेऊन बायकोला दाखवलं ते या नोंदीचंच प्रिंट.