वन्संची काळी खिडकी

रमा आणि निषाद, परवा फोनवर तुम्ही मला तुमचं ऑफिस दाखवलंत. निषादने रंगीत पडद्यावर एक काळी चौकट उघडली होती आणि तो तिच्यात इंग्रजी हुकूम टाइप करत होता. मी मोठ्याने हसले. त्या हसण्याचं कारण तुम्हाला कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीइतकं संगणकाला धाकात ठेवणारं माणूस नगर जिल्ह्यात झालं नाही. नव्वदच्या दशकात वन्सं साखर कारखान्यात उसाच्या वजनाच्या पावत्या काढायच्या. विंडोजचा रंगीत पडदा आला तरी त्यावरचे ढग बाजूला सारून त्या हुकूम टाइप करायची आपली जुनी काळी खिडकी उघडायच्या. म्हणायच्या, "वैनी, ह्यो वरचा नुसता मांडव. जेवान आत शिजतंय." माऊसला त्या शिवत नसत. "बोट दाखवून काम सांगायला त्यो काय घरगडी हाय? नाव घेऊन सांगावं!" हुकूम चुकला की संगणक 'बॅड कमांड' म्हणायचा. मग "बॅड कोन ते बघू" म्हणत त्या तोच चुकीचा हुकूम आणखी जोरात बडवायच्या. खिडकी बंद करायला कोपऱ्यातली फुली त्यांनी कधी वापरली नाही. "आलेल्या मानसाला फुली मारून घालवत्यात व्हय?" असं म्हणून त्या 'एक्झिट' टाइप करायच्या, जवळजवळ मान लववून.

मग पुण्याहून नवे साहेब आले. "बाई, दसऱ्यानंतर ही खिडकी मी काढून टाकणार. माऊस जमला नाही, तर गेटवर उसाच्या गाड्यांना टोकन वाटायला बसा."

वन्सं घरी आल्या. चपला काढतानाच म्हणाल्या, "त्या खिडकीत मला कुनी इचारत न्हाई, कितवी शिकलीस म्हनून."

सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन मी त्यांना माऊस शिकवायला बसले. "वैनी, टेबल संपलं, बाण अजून मधीच हाय!" मी म्हटलं, उचलून मागे ठेवा. त्यांनी उचलला आणि आरतीसारखा हवेतच ओवाळला.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. वन्संनी माऊसला हळदकुंकू वाहिलं आणि पावलांना लावायचं म्हणून तो उलटाही केला. तेव्हाच्या माऊसच्या पोटात बाण फिरवणारी गोळी असायची; तेल, कुंकू, अक्षता, सगळं तिच्यापर्यंत पोचलं. पूजेनंतर साहेब कारखान्याच्या अध्यक्षांना नवी पद्धत दाखवायला बसले, तर बाण कोपऱ्यात जाऊन बसलेला. साहेबांनी माऊस हलवला, आपटला.

"काय हो, रुसला का?" अध्यक्षांनी विचारलं.

वन्सं पुढे झाल्या. चार बटणं दाबली, काळी खिडकी उघडली, प्रिंटर किंचाळला आणि पावती बाहेर आली.

साहेबांनी माऊस उघडला. "यात तांदूळ कुणी घातले?"

"अक्षता हायती त्या. तुमच्या कामाला येश यावं म्हनून."

अध्यक्ष इतके हसले की खिडकी काढायचं पुन्हा कोणी बोललं नाही. वन्सं त्याच खुर्चीवरून निवृत्त झाल्या. त्यांनी हे मुद्दाम केलं का, हे मी विचारलं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत.

कारखान्यातली त्यांची ती खोली आता गोदाम आहे. की-बोर्डवर धूळ बसू नये म्हणून वन्संनी क्रोशाने विणलेलं पांढरं झाकण तेवढं माझ्याकडे आहे. त्याखाली मी टीव्हीचा रिमोट ठेवते.