हाय, हाय

बोईसरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर अडला की घिवलीहून दुरुस्तीवाले काका यायचे. चपला दाराबाहेर काढायचे, हार्ड डिस्कला कान लावायचे आणि म्हणायचे, "हाय, हाय." ते हळहळतायत असं मला वाटायचं. त्यांच्या बोलीत मात्र त्याचा अर्थ, सगळं जागेवर आहे. जाताना बजावायचे, "फ्लॉपीवर कॉपी काढत जा." मी हो म्हणायचो.

एकदा बराच वेळ कान लावून ते म्हणाले, "नाय." कॉपीसाठी त्यांनी माझा खण उघडला. फ्लॉप्यांचं खोकं अजून सीलबंद होतं. त्यांनी खण हळूच लावला.

तेवढ्यात साहेब आले. "कॉपी आहे ना?"

"फ्लॉप्यांना बुरशी लागली, साहेब," तेच म्हणाले. "खारी हवा हाय."

त्यानंतरही ते येत राहिले. कॉपीचं मात्र मला पुन्हा कधीच बजावलं नाही.