अडसर आणि 'इनेव्हिटेबल'

आमच्या गिरगावातल्या चाळीचे सेक्रेटरी फोर्टात हेडक्लार्क होते. इंग्रजी ही आपली खाजगी मालमत्ता असल्याच्या थाटात ते संध्याकाळी गॅलरीत आरामखुर्ची टाकून आम्हा कॉलेजच्या पोरांना शब्द शिकवायचे. "ट्राम चुकली, अनअव्हॉइडेबल. मरण, इनेव्हिटेबल. जे जगात कुणालाच टाळता येत नाही, त्यालाच हा शब्द लावायचा. कळलं का रे? की तूही बापासारख्या फायलीच वाहणार?" आम्ही हसायचो. ज्याचा बाप काढला तोही हसायचा.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती त्या दिवसांत एका दुपारी आमच्या रस्त्यावर गोळीबार सुरू झाला. सेक्रेटरींनी चाळीचा मोठा दरवाजा लावून आतून लाकडी अडसर घालायला लावला. तेवढ्यात बाहेरून थापा पडू लागल्या. तळमजल्यावरचे, छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते, तान्ह्या मुलीसाठी दूध आणायला गेलेले. "अहो, मी आहे. उघडा." आवाज सगळ्यांनी ओळखला. "एकाला उघडलं की शंभर घुसतील," सेक्रेटरी म्हणाले आणि स्वतः जिन्यात वर जाऊन उभे राहिले. गोळी कंपोझिटरांच्या गुडघ्यात लागली. पाय कापावा लागला.

पुढे अंगणात चाळीची सभा भरली. दार बंद ठेवणे 'इनेव्हिटेबल' होते, असा ठराव सेक्रेटरींनी मांडला. कंपोझिटरांची बायको खांबाशी उभी होती.

"म्हणजे काय हो काका?"

"अटळ, बाई. कुणाच्याच हातात नसलेलं."

"अडसर तर आतून होता."

"भावनेच्या भरात बोलू नये," सेक्रेटरी म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर सेक्रेटरींना त्याच्याही पुढचं सुचलं. दर महाराष्ट्र दिनाला ते कंपोझिटरांना खुर्चीवर बसवून हार घालत आणि 'आमच्या चाळीचा लढवय्या' म्हणत. कुबड्या सावरत कंपोझिटर दर वेळी सांगायचे, "मी दूध आणायला गेलो होतो." लोक टाळ्या वाजवायचे, काय विनय आहे म्हणायचे.

आता चाळीच्या जागी इमारत होते आहे. तिच्या फाटकावर कंपोझिटरांचं नाव लावायचं चाललंय, लढ्यातले जखमी म्हणून. त्यांच्या मुलीने परवा मला विचारलं, "काका, बाबा तेव्हा दगड मारत होते का हो?"

नाही. ते दूध घेऊन दाराशी उभे होते. अडसराच्या सगळ्यात जवळ मी होतो. तो एका हाताने निघायचा.