शमीमचं क्रियापद

आज माझ्याकडून फार वाईट झालं, मंडळी.

विद्यापीठात आमचा फ्रेंच संभाषणाचा तास होता. मॅडम म्हणाल्या, "मनातली एक इच्छा सांगा." वर्गात कधीच न बोलणारी सिल्लोडची शमीम स्वतःहून उभी राहिली. अडखळत फ्रेंचमध्ये म्हणाली, "अम्मी आज घरी असावी, असं वाटतं."

मी लगेच मध्ये बोलले, "क्रियापद चुकलं. इच्छा सांगताना रूप बदलतं."

"हां, बरोबर आहे," म्हणून ती खाली बसली.

तिची अम्मी मागच्याच महिन्यात वारली. मी घरी भेटायलाही गेले होते. तरी मला फक्त व्याकरण ऐकू आलं.

नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं, शिकायलाच आलोय ना इथं."

ती वर्गात पुन्हा बोलेल का? तुम्ही असता तर काय केलं असतं?