मागे घेतलेली तक्रार

काल लेकीनं विचारलं, "बाबा, विथड्रॉ म्हणजे मागे घेणं, रिट्रॅक्ट म्हणजेही मागे घेणंच. मग दोन शब्द कायले?" मलाही नवल वाटलं. डिक्शनरीत पाहिलं, तर विथड्रॉ म्हणजे पुढे केलेलं नुसतं काढून घेणं आणि रिट्रॅक्ट म्हणजे आपण बोललो ते खोटं होतं असं कबूल करणं. बोट तिथंच थांबलं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराची मोहाडीची विणकर सोसायटी आठवली, आणि कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, सुताचा तो उग्र वासही.

मी तिथं नवा कारकून होतो. भर पावसाळ्यात तिथले जुने विणकर देवरावकाका यांना विणायला सूत तोलून दिलं होतं. उन्हाळ्यात त्यांनी आणलेलं कापड तोललं, तर वजन कमी भरलं. काकांनी सूत चोरल्याची तक्रार मी लिहून दिली. सोसायटीच्या सभेत मात्र उभा राहून एवढंच म्हणालो, "तक्रार मागे घेतो."

सगळे सुटल्यासारखे हसले. काका हसले नाहीत.

"तक्रार तं मागं घेतली, बापू. पण मी चोर आहो का नाही, थे सांग ना."

"काका, मिटलं ना आता. कायले उकरून राहिले?" कोणीतरी म्हणालं. मी पुढचा विषय वाचायला घेतला. काकांनी पुन्हा सोसायटीचं सूत नेलं नाही.

सभेआधी, सकाळीच, गोदामात पावसाळ्यापासून पडून असलेली सुताची लड मी तोलून पाहिली होती. तिचंही वजन घटलं होतं. पावसाळ्यात ओल धरलेलं सूत उन्हाळ्यात फक्त वाळलं होतं. देवरावकाका चोर नव्हते, आणि हे मला सभेत उभं राहतानाच माहीत होतं.