पहिल्या तासाला न येणारी मुलगी

तिच्या वडिलांना मुंबईला फोन मी केला. तिला काहीही न विचारता केला. पण माझी खरी चूक त्याआधीच झाली होती.

पोलादपूरच्या एका शाळेत मी नववीचा वर्गशिक्षक आहे. वरच्या वाड्यांतली मुलं एसटीने येतात. गाडी स्टँडवर लागते तोवर पहिला तास सुरू झालेला असतो. हे मला ठाऊक होतं. माझ्या वर्गात त्या गाडीची ती एकटीच. ती दारात उभी राहिली की मी म्हणायचो, "आल्या पाहुण्या. चहा ठेवा रे कुणीतरी." वर्ग हसायचा. मग मधल्या सुट्टीतही पोरं तिला पाहुणी म्हणू लागली.

ती यायची थांबली. घरून डबा घेऊन निघायची आणि परतीच्या गाडीपर्यंत स्टँडच्या बाकावर बसून राहायची. शिपायाने मला सांगितलं. इकडचे बाप मुंबईला कामाला असतात, घरातले मोठे निर्णय तिथूनच होतात, म्हणून आम्ही शिक्षकही तक्रार थेट मुंबईला करतो. आईला कुणी बोलावत नाही.

"सर, टेन्शन घेऊ नका. मी बघतो," वडील म्हणाले. त्यांनी तिची शाळाच बंद केली. वयात आलेली मुलगी दिवसभर स्टँडवर बसते म्हटल्यावर बापाच्या मनात काय येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई शाळेत आली. "सर, ती एकटीच बसायची. स्टँडवरच्या कँटीनवाल्याला इचारा. तिचा काय दोष नाय."

"आता वडिलांनी ठरवलंय," मी म्हणालो आणि पेपर तपासत राहिलो. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबायचो, पुढचं नाव घ्यायचो. इतकंच.

मग एके दिवशी दुसरा एक मुलगा उशिरा आला. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पाहुणे आले." अगदी माझ्याच सुरात.

त्या रविवारी मी वाडीवर गेलो. ती अंगणात नाचणी वाळत घालत होती. आईने मला खुर्ची दिली. "चहा ठेव गो, सर आलेत."

तिने खाली बघतच चहा आणून दिला. कप हातात धरून मी आईला वडिलांना फोन लावायला सांगितलं, आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवायला लावला.

"तुमची मुलगी वाया गेलेली नाही," मी म्हणालो. "गाडी उशिरा यायची आणि मी वर्गासमोर तिची थट्टा करायचो. म्हणून ती येत नव्हती."

पलीकडून वडील म्हणाले, "सर, हे तेव्हा का नाय सांगितलंत?"

"मी तिला विचारलंच नव्हतं."

मग तिच्याकडे वळलो. "आता हजेरी गाडी आल्यावर घेतो. तू शाळेत ये. तुला पाहुणी म्हणत होतो, ते माझं चुकलं. मला माफ कर."