भत्ता की औषधे

९ जानेवारी, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. समता कॉलनीतील फुफ्फुसरोगतज्ज्ञांनी आईचा सीटी स्कॅन पाहून निदान सांगितले: इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. या आजारात फुफ्फुसाच्या नाजूक ऊतींच्या जागी व्रणासारखी कडक ऊती तयार होत जाते. 'इडिओपॅथिक' याचा अर्थ, कारण सापडत नाही. आई चौसष्ट वर्षांची. आठ महिने तिला कोरडा खोकला होता आणि तो आम्ही रायपूरच्या धुळीवर ढकलला होता.

डॉक्टर म्हणाले, "देखिए, ये दवा फेफड़ों को ठीक नहीं करेगी. बिगड़ने की रफ़्तार कम करेगी. एक भी खुराक छूटनी नहीं चाहिए."

औषध निन्टेडॅनिब. सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल, कायम. त्या दिवशीचा एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने सोडलेली एकूण हवा, अपेक्षेच्या ७१ टक्के होता.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे. औषधचाचण्यांची माहिती तपासणे ही माझी नोकरी. त्यामुळे पुढचा प्रश्न मला लगेच दिसला: इतके महाग औषध दर महिन्याला येणार कोठून?

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या वेळी फॉर्मवर दोन पर्याय होते. रेल्वेच्या दवाखान्यातून रोजची औषधे घ्यावीत, किंवा ती सवलत सोडून पेन्शनबरोबर ठरावीक वैद्यकीय भत्ता घ्यावा. आम्ही तेलीबांध्याला राहतो, दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी दोघांच्या पाच वर्षांच्या औषधांचा तक्ता केला, सरासरी काढली आणि भत्त्यापुढे खूण केली. बाबांनी न वाचता सही केली. "पोरीनं पाहिलं म्हणजे पाहिलं," असे ते शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत.

त्याच शेजाऱ्यांनी आता मोफत उपचारांचे सरकारी कार्ड सुचवले. मी नियम वाचले. ते रुग्णालयात भरती होणाऱ्यांसाठी होते. घरी वर्षानुवर्षे घ्यायच्या कॅप्सूलसाठी नव्हते. उरला एकच मार्ग, जुना पर्याय बदलणे. १५ जानेवारीला मी रेल्वेच्या दवाखान्यातून औषधे मिळवून देणाऱ्या वैद्यकीय कार्डासाठी अर्ज केला. १९ फेब्रुवारीला तो परत आला, कारण भत्ता चालू होता. बाबा भत्ता सोडत असल्याचे त्यांचे पत्र जोडून मी तो पुन्हा पाठवला. तोही परत आला. मधल्या काळात औषध आम्ही विकत घेत होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी आईचे जुलाब कमी झाले. जुलाब हा या औषधाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. मी वहीत नोंद केली: 'औषध मानवले.'

मार्चमध्ये बाबा मला तात्यापाऱ्यात मंदामावशींकडे घेऊन गेले. रेल्वेच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर तीस वर्षे काम करून त्या निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी माझा तक्ता पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"तू मागचे पाच वर्ष पाहिले. बिमारी का मागचे वर्ष पाहून येते? एवढी शिकली पोट्टी, अन् एक डाव कोणाले विचारलं नाही?"

"ही विचारत नाही, मंदाताई," बाबा म्हणाले. "ही सांगते."

मावशींनी क्रम सांगितला. आधी पेन्शन देणाऱ्या बँकेत भत्ता बंद करण्याचे पत्र. मग तो बंद झाल्याचा बँकेचा दाखला. तो जोडून कार्डाचा अर्ज. शेवटी तज्ज्ञांची चिठ्ठी, तिच्यावर कंपनीने दिलेले नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे; आणि तिला रेल्वेच्या डॉक्टरांची मान्यता. मी दोन्ही वेळा दाखल्याशिवाय अर्ज केला होता. पत्र आणि दाखला यांतला फरक मला कोणीही पाच मिनिटांत सांगितला असता.

३ एप्रिलला कार्ड हाती आले. पहिल्या पुरवठ्याच्या अर्जात घरी शिल्लक असलेल्या कॅप्सूलची संख्या लिहायची होती. रात्रीची कॅप्सूल झाल्यावर मी डबा उघडला. बारा उरायला हव्या होत्या. त्रेपन्न होत्या.

चाचणीतील रुग्णांनी परत केलेल्या गोळ्यांची मोजणी तपासणे हे माझे रोजचे काम आहे. घरचा डबा मी एकदाही मोजला नव्हता. एक्केचाळीस दिवस, दोनऐवजी एक. मागे मोजत गेले तर सुरुवात २२ फेब्रुवारीला होत होती. अर्ज परत आल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी. जुलाब कमी झाले होते, कारण औषधच निम्मे झाले होते.

"आई, तू मले सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही?" ती म्हणाली, आणि खोकला थांबेपर्यंत थांबली. "तू तर फॉर्मच भरून राहिली होती. मले वाटलं, कार्ड येईपर्यंत पुरवून खावं. तुह्या बाबाची पेन्शन का झाडाले लागते?"

पुढच्या आठवड्यात एफव्हीसी ६४ आला. मी डॉक्टरांना एक्केचाळीस दिवसांचे सांगितले. "जो चला गया, वो वापस नहीं आएगा. अब पूरी खुराक दीजिए."

ही घसरण चुकलेल्या कॅप्सूलमुळेच झाली, असे एका रुग्णावरून सिद्ध होत नाही. हे वाक्य मी व्यवसाय म्हणून अनेकदा लिहिले आहे. पण त्या वाक्याचा आधार घेऊन मला झोप येत नाही.

तुमच्या घरी असा फॉर्म आला असेल, तर मागच्या खर्चाची सरासरी काढून निर्णय घेऊ नका. सरासरी निरोगी वर्षांची असते. दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला आधी विचारा. कोणते कागद कोणत्या क्रमाने परत येतात, हे त्याला ठाऊक असते. आणि अर्ज अडकला असेल, तर रुग्णाला मोकळेपणाने सांगा की औषध थांबणार नाही. तुम्ही सांगितले नाही, तर तो स्वतःच काटकसर सुरू करील.

मंदामावशींचे आभार मानायला गेले, तेव्हा त्यांनी हात झटकला आणि चहा ठेवला. आता दर रविवारी मी कॅप्सूल मोजते. आई डबा पुढे सरकवते, "घ्या मॅडम, तपासा," म्हणते आणि खिडकीकडे तोंड फिरवते. संख्या बरोबर असते. जिना ती आता दोनदा थांबून चढते.

७ जुलै. एफव्हीसी: ६३ टक्के.